नळावरचा पांढरा दगड



आपल्या शाळेच्या टाकीला पाच नळ आहेत, हे तुम्हांला माहीतच आहे. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांतले दोनच नीट चालत होते. दोन नळांतून सुतासारखी धार यायची आणि शेवटचा नळ नुसता ठिबकायचा. लहान सुट्टी दहा मिनिटांची. चौथीची मुले आधी घुसतात. मी पण घुसायचो, खोटे कशाला सांगू? पहिलीची मुले मागे राहतात आणि घंटा झाली की तशीच तहानलेली वर्गात जातात. माझी बहीण पहिलीत आहे. ती घरी आल्याबरोबर दप्तर न काढता माठाकडे पळायची.

नळाच्या तोंडाशी पांढरा, कडक थर जमला होता. आम्ही तो दगडाने ठोकून पाहिला. थोडी खपली पडली, पण नळाचे तोंड वाकडे झाले. गुरुजी रागावले. मग म्हणाले, "ठोकण्याआधी ते काय आहे ते तरी शोधा." म्हणून हा लेख लिहिला आहे.

पावसाचे पाणी पडताना हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू थोडासा त्यात विरघळतो. जमिनीत मुरताना आणखी विरघळतो. त्यामुळे ते पाणी अगदी किंचित आंबट होते. आपल्याला जिभेला कळत नाही, पण दगडाला कळते! आपल्या खानदेशात खाली काळा पाषाण आहे, तापीकाठी गाळाची जमीन आहे, आणि मातीत पांढऱ्या चुनखडीचे खडे सापडतात. त्यांतले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवत पाणी खाली जाते आणि बोअरमध्ये येते. वर आल्यावर पाणी तापले किंवा वाळले की तो वायू उडून जातो आणि विरघळलेला चुना पुन्हा दगड होऊन बसतो. त्याला कॅल्शियम कार्बोनेट म्हणतात. म्हणजे नळाला लागलेला थर हा आपल्याच जमिनीचा दगड आहे.

अशा पाण्याला पुस्तकात कठीण किंवा दुष्फेन पाणी म्हणतात. आम्ही दोन बाटल्या घेतल्या. एकीत पावसाळ्यात पन्हाळीखाली धरून ठेवलेले पाणी आणि दुसरीत बोअरचे. दोन्हींत साबणाचा सारखाच तुकडा टाकून हलवले. पावसाच्या पाण्याचा फेस बुचापर्यंत आला. बोअरच्या पाण्यात नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या. आजीला दाखवले तर ती म्हणाली, "आपलं पानी जड शे, मी कवयनी सांगस." तिला ते डाळीवरून कळते. जड पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, म्हणून ती चिमूटभर सोडा टाकते. पिण्याच्या पाण्याचा जडपणा एका लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरे पाणी नसेल तर 600 पर्यंत चालतो, असा भारतीय मानक संस्थेचा नियम आहे. असे पाणी म्हणजे काही विष नव्हे. कॅल्शियम तर हाडांना लागतेच. पण नळ, हिटर आणि पाइप यांचे ते हाल करते.

माझा मामा रावेर तालुक्यात केळी लावतो. त्याच्या ठिबकच्या नळ्यांची बारीक भोकेसुद्धा याच थराने बुजतात. मग केळीला पाणी कमी पडते. तिकडे शेतकरी नळ्यांत पाण्याबरोबर थोडे आम्ल सोडतात आणि नंतर नळ्या धुऊन काढतात. ते आम्ल जोरकस असते, मुलांनी हात लावायचा नाही. मामा म्हणाला, "तुमच्या नळाला व्हिनेगर पुरे."

व्हिनेगर म्हणजे सिरका. अमळनेरला चायनीजच्या गाडीवर मिरच्या घातलेली बाटली असते ना, तेच ते. त्यात शंभर भागांत चार-पाच भाग ॲसिटिक आम्ल असते, बाकी पाणीच. वास मात्र नाक धरायला लावतो. आधी आम्ही वाटीत चुनखडीचा खडा टाकला. बारीक बुडबुडे आले. तो तोच कार्बन डायऑक्साइड वायू, जो पावसाने जमिनीत नेला होता. अंड्याच्या टरफलालाही बुडबुडे आले, कारण तेही कॅल्शियम कार्बोनेटच. मग खडू टाकला. मला वाटले आता तर खूप येतील, पण एकही नाही! गुरुजी म्हणाले, फळ्याचा खडू जिप्समचा असतो, चुनखडीचा नसतो. नाव खडू आणि करणी वेगळी.

मग नळ. प्लॅस्टिकच्या पिशवीत अर्धी वाटी व्हिनेगर घेतले, नळाचे तोंड त्यात बुडेल अशी पिशवी वर सुतळीने बांधली. एक तास तसेच ठेवले. नंतर दात घासायच्या जुन्या ब्रशने घासले आणि भरपूर पाण्याने धुतले. पहिल्या वेळी थर मऊ झाला, दुसऱ्या वेळी निघाला. घाई केली तर निघत नाही. व्हिनेगर नसेल तर लिंबू चालते, पण उन्हाळ्यात लिंबू महाग. चिंचही चालते. आजी तांब्याचा हंडा चिंचेने घासते तेव्हा आंबटाने काळेपण जाते, तेव्हा ही युक्ती आपल्याकडे जुनीच आहे.

आता माझी चूक सांगतो. घरच्या मोरीच्या नळाला मी पिशवी बांधली आणि गाठ सैल राहिली. व्हिनेगर खाली शहाबादी फरशीवर सांडले. मी खेळायला गेलो होतो. परत आलो तर फरशीवर ताटाएवढा पांढुरका, खरखरीत डाग. आजी म्हणाली, "हाई काय करं रे भाऊ?" शहाबादी फरशी हाही चुन्याचाच दगड. व्हिनेगरला नळावरचा दगड कोणता आणि फरशीचा कोणता हे कसे कळणार? ते दोन्ही खाते. कडप्प्याच्या ओट्यालाही तसेच होते. डाग अजून आहे. त्यावर आता बादली ठेवतात.

आणखी एक गोष्ट नीट वाचा. टाकीत टाकायची टीसीएल पावडर आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, घसा आणि छाती जळते. म्हणून पावडर टाकतात त्या दिवशी आम्ही पिशवी बांधत नाही. हिटरची कांडी साफ करायची असेल तर पिन काढून, ती पूर्ण थंड झाल्यावर, आणि मोठ्यांकडूनच.

शाळेचे सुतासारख्या धारेचे दोन्ही नळ चांगले झाले. आधी एक लिटरची बाटली भरेपर्यंत आम्ही 90 आकडे मोजायचो, आता 20 मोजतो. ठिबकणारा नळ मात्र तसाच राहिला. नळवाल्या काकांनी तो उघडला तर आतल्या पाइपातच बोटभर थर होता. तिथे पिशवी पोचत नाही. तो पाइप बदलावा लागेल असे ते म्हणाले. तोपर्यंत चार नळ आहेत, आणि कडेचे दोन लहान सुट्टीत फक्त पहिलीच्या मुलांचे, असे आम्ही चौथीवाल्यांनी ठरवले आहे. काल तिथे मी उभा राहिलो तर माझ्याच बहिणीने मला मागे ढकलले.