वॉरंटी कार्ड : हाही एक करारच

करार पूर्ण करण्याची आज्ञा सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. फ्रिज किंवा मोबाइलसोबत मिळणारे वॉरंटी कार्ड हाही एक करारच होय. तो कंपनीला बांधतो, तसाच ग्राहकालाही.

प्रथम तो वाचावा. ‘कॉम्प्रेसरवर १० वर्षे’ याचा अर्थ संपूर्ण फ्रिजवर १० वर्षे असा नव्हे. पुष्कळदा त्यात केवळ तो सुटा भाग येतो, गॅस व मजुरी येत नाही. बिलावर खरेदीची तारीख व वस्तूचा अनुक्रमांक आहे ना, हे दुकानातच पाहून घ्यावे. वस्तू दुरुस्तीस देताना जॉबशीट अवश्य मागावी. तक्रार मुदतीत केल्याचा तो पुरावा असतो.

विकत घेतलेल्या वस्तूत मूळचाच दोष आढळल्यास ती परत करण्याचा अधिकार फिक्हने ‘खियार-ए-ऐब’ या नावाने मान्य केला आहे. तेव्हा हक्क मागण्यात संकोच नसावा. कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये, तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत, आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही जाता येते.

परंतु पाण्यात पडलेला मोबाइल ‘आपोआप बंद पडला’ असे सांगून फुकट दुरुस्त करून घेणे हा हक्क नव्हे. ते असत्याने मिळवलेले परधन होय. विक्रेत्याने ऐब लपवू नये, तसा ग्राहकाने अपघातही लपवू नये.