आवर्ती भेटी आणि पुष्य नक्षत्र : संगणकीय दिनदर्शिकेतून यादी काढताना



चिकित्सालयात संगणक आला की रुग्णांच्या भेटींची नोंद त्यात होऊ लागते आणि उद्या कोण येणार याची यादी एखाद्या छोट्या आज्ञावलीने काढावी, असे वाटू लागते. एकेकट्या भेटींची यादी बिनचूक निघते. चूक होते ती ठरावीक अंतराने पुन्हा येणाऱ्या, म्हणजे आवर्ती भेटींत. शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावी साकोळ, येरोळकडून बालकांना घेऊन पालक येतात ते दिवसाची मजुरी बुडवून. यादीत नाव नाही म्हणून मात्रा तयार नाही, असे त्यांना सांगण्याची पाळी कोणत्याही औषधालयावर येऊ नये.

प्रथम नोंदीचे स्वरूप पाहू. योगबस्तीचा क्रम आठ दिवसांचा. संगणकात त्याच्या आठ नोंदी होत नाहीत. मूळ नोंद एकच असते आणि तिला ‘दररोज, आठ वेळा’ हा नियम जोडलेला असतो. मध्येच एका दिवसाची वेळ बदलली, तर तेवढा अपवाद त्याच नोंदीला चिकटतो. आता आज्ञावलीने ‘पाचव्या दिवशी कोण?’ असे सरळ विचारले, तर हा रुग्ण यादीत येतच नाही. कारण मूळ नोंदीवर तारीख पहिल्या दिवसाची आहे. नियम उलगडून प्रत्येक आवर्तन स्वतंत्र भेट म्हणून मागावे लागते.

क्लासिक आउटलुकमध्ये यासाठी क्रम ठरलेला आहे. प्रथम नोंदसंच ‘सॉर्ट’ने प्रारंभवेळेनुसार लावावा, मग ‘इन्क्लूड रिकरन्सेस’ हा गुणधर्म चालू करावा आणि त्यानंतरच दोन तारखांच्या मर्यादेने ‘रिस्ट्रिक्ट’ ही गाळणी लावावी. अवलेह थंड होण्याआधी मध घालावयाचा नसतो, तसाच हा क्रम. तो मोडला तर आवर्तने हाती लागत नाहीत. एकूण भेटींची संख्या ‘काउंट’ला विचारू नये. एखाद्या भेटीला शेवटची तारीखच नसेल, तर तो आकडा निरर्थक असतो. एकेक भेट क्रमाने वाचावी व आपणच मोजावी. नव्या आउटलुकमध्ये ही पद्धत चालत नाही. गूगल कॅलेंडरमध्ये काम सोपे आहे : ‘सिंगल इव्हेंट्स’ चालू करून आरंभ व अंत या दोन मर्यादा द्याव्यात.

खरी अडचण सुवर्णप्राशनाची आहे. काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात त्याचे वर्णन आहे. पुष्य नक्षत्रावर ते देण्याची प्रथा आज सर्वत्र रूढ आहे. पुष्य ‘दर महिन्याला’ येते असे आपण बोलतो खरे, परंतु तो महिना इंग्रजी नव्हे. चंद्र नक्षत्रचक्राची फेरी सुमारे २७.३२ दिवसांत पूर्ण करतो. ‘दर २७ दिवसांनी’ असा नियम लिहिला, तर प्रत्येक फेरीत सुमारे पावणेआठ तास मागे पडतात. तीन फेऱ्यांत जवळजवळ एक दिवस, म्हणजे चंद्राचा एका नक्षत्रातील साधारण मुक्काम. तेरा फेऱ्यांनंतर चूक चार दिवसांवर जाते. २८ दिवसांचा नियम तर उलट दिशेने याहून लवकर बिघडतो. शिवाय चंद्राची गती रोज सारखी नसते. त्यामुळे कोणताही ठरीव अंतराचा नियम येथे अपुराच पडणार.

दिनदर्शिकांच्या देवाणघेवाणीचा ‘आय-कॅलेंडर’ हा संकेत १९९८ साली प्रसिद्ध झाला व २००९ साली सुधारला गेला. त्यात नियमाबरोबरच सुट्या तारखांची यादी देण्याची सोय ‘आर-डेट’ या नावाने आहे. वर्षारंभी पंचांगातून पुष्याच्या तारखा काढून त्या तेथे भराव्यात. सर्वच दिनदर्शिका ही सोय पाळत नाहीत. अशा वेळी प्रत्येक तारखेची वेगळी भेट करून सर्वांना ‘पुष्य’ असा एकच संकेतशब्द द्यावा व आज्ञावलीने त्यावरून शोध घ्यावा. माझ्या मते लहान चिकित्सालयाला हाच मार्ग अधिक भरवशाचा. चूक झाली तर डोळ्यांना दिसते.

आणखी एक खाच. काही प्रणाली वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवतात. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. स्नेहपानासाठी दिलेली मंगळवार पहाटे ५ची वेळ तेथे सोमवार रात्री ११.३० होते. नियम भारतीय वेळेतच उलगडावा, अन्यथा रुग्णाचे नाव आदल्या दिवशीच्या यादीत जाते.

पुष्य एका दिवशी दुपारी लागून दुसऱ्या दिवशी दुपारी संपत असेल, तर प्राशन कोणत्या दिवशी द्यावयाचे, हे आज्ञावली ठरवू शकत नाही. ते वैद्याने ठरवून तारीख भरावी आणि पालकांना आधीच्या भेटीतच कार्डावर लिहून द्यावी.