मज्जातंतूंच्या आवरणावरील सौम्य अर्बुदे : निदान व कर्ममर्यादा

प्रास्ताविक

'गाठ' घेऊन येणारा रुग्ण आपणा सर्वांच्या नित्य परिचयाचा आहे. यांतील बहुतेक गाठी मेदोज ग्रंथी असतात. त्यामुळे कांचनार गुग्गुळ देऊन वाट पाहण्याचा प्रघात पडला आहे. तथापि काही गाठी मज्जातंतूच्या आवरणातून उद्भवलेल्या असतात. त्या सौम्य असल्या तरी त्यांवर अयोग्य कर्म झाल्यास हाताची वा पायाची शक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून औषधयोजनेपूर्वी त्या ओळखणे हे वैद्याचे पहिले कर्तव्य होय.

आधुनिक स्वरूप

मज्जातंतूंभोवती वेष्टन घालणाऱ्या पेशींना थिओडोर श्वान या शास्त्रज्ञाचे नाव मिळाले आहे. या पेशींपासून मुख्यत्वे दोन सौम्य अर्बुदे उत्पन्न होतात.

१) श्वानोमा : यास स्वतःचे कोष असते. ते तंतूंना एका बाजूस सारून वाढते; म्हणून कुशल शल्यचिकित्सक बहुधा मज्जातंतू राखून ते काढू शकतो.

२) न्यूरोफायब्रोमा : यात तंतू अर्बुदातच गुंतलेले असतात. अशा अनेक गाठींनी युक्त असा आनुवंशिक व्याधी फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी १८८२ मध्ये वर्णिला. सुमारे ३००० जन्मांत एकास तो आढळतो. निम्म्या रुग्णांत कुलवृत्त नसते. त्यामुळे 'घरात कोणास नाही' एवढ्यावर तो नाकारू नये.

ग्रंथोक्त विचार

सुश्रुतांनी निदानस्थानाच्या ११ व्या अध्यायात अर्बुदाची लक्षणे सांगितली आहेत : वाटोळे, स्थिर, अल्पवेदनायुक्त, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे व न पिकणारे. वरील अर्बुदांशी यातील बरीच लक्षणे जुळतात. मात्र नावांची थेट बरोबरी करू नये. मज्जातंतूचे आवरण हे स्वतंत्र अधिष्ठान तेथे सांगितलेले नाही. आपणास अधिक उपयुक्त आहे तो मर्मविचार. कक्षधर व कूर्पर ही वैकल्यकर मर्मे होत. काख व कोपर या स्थानांतूनच मोठे मज्जातंतू जातात. तेथील गाठ हाताळताना हे स्मरण असावे.

परीक्षण

१) गाठ मज्जातंतूच्या आडव्या दिशेने हलते, लांबीच्या दिशेने सहसा हलत नाही.

२) गाठीवर हलके ठोकल्यास त्या मज्जातंतूच्या क्षेत्रात झिणझिण्या जातात.

३) त्वचेवर दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा वा अधिक डाग (बालकात ५ मि.मी.हून, पौगंडावस्थेनंतर १५ मि.मी.हून मोठे) किंवा काखेत बारीक ठिपके आहेत काय, हे वस्त्र बाजूस सारून पाहावे.

४) नाडी दोरीसारखी जाड लागली व त्वचेवर बधिर चट्टा असला, तर प्रथम कुष्ठरोगाचा विचार करावा. त्याची बहुविध औषधोपचार पद्धती शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळते.

गाठ न दिसणारी अर्बुदे

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार 'यंत्राच्या आवाजाने ऐकू कमी येते' अशी तक्रार घेऊन येतात. आवाजामुळे येणारे बाधिर्य सामान्यतः दोन्ही कानांत असते. एकाच कानात हळूहळू वाढणारे बाधिर्य, कर्णनाद व चालताना तोल जाणे ही लक्षणे असल्यास श्रवणनाडीच्या श्वानोमाची शंका घ्यावी. केवळ बिल्वतैलाचे कर्णपूरण करीत न राहता ऑडिओमेट्री व एम.आर.आय. करवून घ्यावे.

तीच गोष्ट चेहऱ्याच्या एका बाजूच्या बधिरतेची. अनंतवात किंवा दंतशूल समजून महिने जातात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल व सहकाऱ्यांनी चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या त्रिधारा नाडीच्या अशा अर्बुदाच्या ७३ रुग्णांचा शल्यानुभव २००३ मध्ये प्रसिद्ध केला. व्याधी विरळ असला तरी आपल्या दारी येणारच नाही असा नाही.

उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या कारागिरांच्या हाताची झिणझिणी बहुधा श्रमजन्य असते. तरी मनगटापासून काखेपर्यंत एकदा बोटांनी चाचपून पाहण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत.

वर्ज्य कर्मे

शंका असलेल्या गाठीवर अग्निकर्म, क्षारकर्म, सिरावेध वा जोरकस मर्दन करू नये. प्रतिमा-चाचणीपूर्वी सुईने नमुना घेण्याचा आग्रहही धरू नये. औषधाने हे अर्बुद विरघळते असे आश्वासन देण्यास आधार नाही.

गाठ झपाट्याने वाढणे, रात्री झोप मोडणारी वेदना, कठीणपणा व नवे दौर्बल्य ही घातक रूपांतराची सूचक लक्षणे होत. वर सांगितलेल्या आनुवंशिक व्याधीत हा आयुष्यभराचा धोका सुमारे ८ ते १३ टक्के मानला जातो. अशा रुग्णास त्वरित पाठवावे.

औषधालय चालकांस विनंती

एकच ग्राहक कांचनार गुग्गुळ किंवा कानाचे तेल महिनोन्महिने नेत असेल, तर 'गाठ वाढते आहे का? एकाच कानाने कमी ऐकू येते का?' एवढे विचारावे व त्यास वैद्याकडे धाडावे.

उपसंहार

प्राथमिक तपासणीस उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय जवळ आहे. मेंदू व मज्जातंतूंच्या शल्यकर्मासाठी शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय व परळचे केईएम मध्य रेल्वेच्या मार्गावरच आहेत. बदलापूरच्या रुग्णासही एका गाडीने शीव गाठता येते. सोबत लक्षणांचा काळ, डागांची संख्या व बधिर क्षेत्र नमूद केलेली चिठ्ठी द्यावी. शल्यकर्मानंतर बलवर्धन, वातशमन व व्यायाम यांसाठी रुग्ण पुन्हा आपल्याकडेच येतो; तेथे शल्यचिकित्सकाच्या संमतीने आपल्या शास्त्राचा उपयोग अवश्य करावा.