सैल झडप आणि रोजचे चालणे

हाताची मूठ वळा. आपले हृदय जवळजवळ तेवढेच असते. ते दिवसरात्र चालते. दिवसाकाठी सुमारे 1 लाख ठोके देते. त्यात 4 झडपा असतात. रक्त पुढे गेले की झडप मिटते. मग रक्त मागे फिरत नाही.

डाव्या बाजूच्या झडपांपैकी एकीला मायट्रल झडप म्हणतात. काहींच्या या झडपेचे पडदे सैल असतात. मिटताना ते मागे फुगतात. 100 माणसांत 2-3 जणांची झडप अशी असते. पुष्कळांना ते ठाऊकही नसते.

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक ताई येत असत. त्या एकाएकी यायच्या थांबल्या. आम्ही घरी गेलो. ताई बाजेवर पडून होत्या. सासूबाई म्हणाल्या, "हिच्या काळजाची झडप सैल हाय. घागर उचलली तर काळीज फुटंल."

ताई म्हणाल्या, "आता चार पावलं चालले तरी धाप लागते."

आम्ही दोघींना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती तपासली. यंत्रावर हृदयाचे चित्र पाहिले. या तपासणीला इको म्हणतात. ते म्हणाले, "झडप सैल आहे, पण रक्त फारसं मागे गळत नाही. धाप लागते ती पडून राहिल्यानं. चालायला लागा."

मग चालावे कसे?

1. आधी डॉक्टरांना विचारा. घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर तेही सांगा.
2. प्रथम 10 मिनिटे चाला. रोज थोडे वाढवत 30 मिनिटांवर या.
3. सुरुवात हळू करा. थांबतानाही हळूहळू थांबा.
4. चालताना बोलता आले पाहिजे. बोलताना दम लागला, तर चाल कमी करा.
5. श्वास कोंडून जड ओझे उचलू नका. मोठ्या घागरीऐवजी लहान कळशी घ्या. खेप एक वाढली तरी चालेल.
6. भर उन्हात चालू नका. पाणी प्या.

छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा धडधड थांबेना, तर लगेच बसा. त्याच दिवशी दवाखाना गाठा. माणूस बेशुद्ध पडला, तर 108 वर फोन करून गाडी बोलवा.

एक गोष्ट वेगळी आहे. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात. त्या दुखण्याने झडप खराब होते, कधी आवळते. अशा माणसाने डॉक्टर सांगतील तेवढेच श्रम करावेत. ठरलेले इंजेक्शन चुकवू नये.

आता ताई चालत वर्गाला येतात. सासूबाई सोबत असतात. दोघी वाटभर बोलत येतात. बोलणे चालू आहे, म्हणजे चाल बरोबर आहे!

सांगा पाहू:
चाल जास्त झाली हे कसे ओळखाल?
कोणत्या खुणा दिसताच थांबाल?