अद्ययावत करताना बिघडलेल्या लघुसंगणकाच्या नोंदी वाचविण्याची रीत

पर्जन्यमान, जमिनीतील ओलावा, हरितगृहातील उष्णतामान व आर्द्रता यांच्या नोंदी ठेवण्याकरिता, तसेच ठिबक संचाच्या झडपा वेळेवर उघडण्याकरिता आता लहान संगणकांचा उपयोग होऊ लागला आहे. हा संगणक तळहातावर मावेल अशा एकाच फलकावर बसविलेला असतो. इंग्लंडमधील केंब्रिज येथे तयार करण्यात आलेला व २०१२ साली प्रथम विक्रीस आलेला 'रास्पबेरी पाय' हा त्यांपैकी सर्वांत परिचित होय. त्याची किंमत बेताची व विजेचा खर्च अल्प असल्यामुळे तो शेतावर सोयीचा ठरतो.

या संगणकास बहुधा मोठी डिस्क जोडलेली नसते. त्याची लिनक्स कार्यप्रणाली आणि आपण गोळा केलेल्या नोंदी ही दोन्ही नखाएवढ्या एकाच मेमरी कार्डावर असतात. कार्यप्रणाली अद्ययावत करीत असता वीज गेली, तर कार्डावरील मांडणी विस्कळीत होते व संगणक सुरू होईनासा होतो. कार्यप्रणाली पुन्हा फुकट मिळविता येते. परंतु गेल्या मृग नक्षत्रात पडलेला पाऊस पुन्हा मोजता येत नाही. म्हणून अशा प्रसंगी यंत्र सुरू करणे हे दुय्यम काम समजून नोंदी वाचविणे हे पहिले काम समजावे. त्याचा नियम एकच आहे: प्रथम नक्कल, नंतर दुरुस्ती.

बिघाड कसा होतो

रास्पबेरी पायच्या कार्डावर सामान्यतः दोन विभाग असतात. पहिला लहान विभाग 'फॅट' पद्धतीचा असून संगणक सुरू होण्यास लागणाऱ्या फाइली त्यात असतात. दुसऱ्या मोठ्या विभागात 'ईएक्सटी४' या पद्धतीची फाइल-व्यवस्था असते. बाकीची सर्व कार्यप्रणाली व आपल्या नोंदी तेथे असतात.

फाइल-व्यवस्था म्हणजे काय हे गावदप्तराच्या उदाहरणावरून चांगले समजते. जमिनीच्या हक्कात बदल झाला की त्याची नोंद प्रथम गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत होते. ती प्रमाणित झाल्यानंतर तिचा अंमल सात-बारावर दिला जातो. ईएक्सटी४ मध्येही अशीच एक फेरफार-वही असते. तिला 'जर्नल' म्हणतात. करावयाचा बदल प्रथम तेथे लिहिला जातो व नंतर मूळ जागी उतरविला जातो. मध्येच वीज गेल्यास पुढील वेळी संगणक ही वही वाचतो आणि पूर्ण नोंदलेला बदल अंमलात आणतो; अर्धवट नोंदलेला सोडून देतो. यामुळेच एरवी वीज गेली तरी बहुतेक वेळा काही बिघडत नाही.

परंतु या संरक्षणास दोन मर्यादा आहेत. एक, नेहमीच्या मांडणीत जर्नलमध्ये फाइलींची नावे, आकार व जागा यांचीच नोंद होते. फाइलींतील मजकुराची होत नाही. दोन, कार्डाच्या आतील नियंत्रक स्वतःच्या सोयीने मजकुराचे मोठे मोठे गठ्ठे एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवीत असतो. त्या क्षणी वीज तुटल्यास ज्या फाइलीस कोणी हातही लावला नव्हता तीही खराब होऊ शकते. अद्ययावत करताना शेकडो फाइली एकापाठोपाठ बदलल्या जातात व त्यांत कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे 'कर्नल', हाही असतो. सबब त्या अर्ध्या-पाऊण तासात धोका सर्वांत अधिक असतो.

प्रथम निदान करावे

पिकाची पाने पिवळी पडली म्हणजे नत्राचीच उणीव आहे असे नसते; पाणी साचल्यानेही तसे होते व रोगानेही होते. त्याचप्रमाणे संगणक सुरू न होण्याची कारणे निरनिराळी असून बाह्य लक्षणे मात्र सारखी दिसतात. मुख्य कारणे तीन आहेत.

(१) वीजपुरवठा अपुरा असणे. रास्पबेरी पायच्या चौथ्या आवृत्तीस ५.१ व्होल्ट व ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेल्यास पडद्यावर विजेची खूण किंवा कमी दाबाची सूचना दिसते. भ्रमणध्वनीचा जुना चार्जर व लांब, बारीक तार वापरल्याने हे घडते. प्रथम चांगला पुरवठा लावून पाहावा.

(२) अद्ययावत करण्याचे काम अर्धवट राहणे. येथे फाइल-व्यवस्था शाबूत असते, परंतु काही प्रोग्राम जुने व काही नवे अशी स्थिती होते. संगणक बहुधा सुरू होतो, पण एखादे काम करीत नाही.

(३) फाइल-व्यवस्था बिघडणे. पडद्यावर 'कर्नल पॅनिक', 'इमर्जन्सी मोड' किंवा 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' असे शब्द येतात. 'इमर्जन्सी मोड'मध्ये पुष्कळदा मुख्य खाते कुलूपबंद असल्याची सूचना मिळते व तेथून काहीच करता येत नाही. कार्ड काढून दुसऱ्या संगणकावर तपासावे लागते.

पडदा जोडलेला नसल्यास दिव्यांवरूनही बोध होतो. हिरवा दिवा चार वेळा लुकलुकून थांबत असेल तर सुरुवातीची फाइल सापडत नाही, सात वेळा लुकलुकत असेल तर कर्नल सापडत नाही असे समजावे. या दोन्ही फाइली पहिल्या लहान विभागात असतात.

काय करू नये

संगणक सुरू होत नाही म्हणून तो वारंवार बंद-चालू करू नये. प्रत्येक वेळी कार्डावर थोडेफार लेखन होते व बिघाड वाढतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. असे कार्ड विंडोज प्रणालीच्या संगणकास लावल्यास ती प्रणाली ईएक्सटी४ ओळखत नाही व 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल' अशा अर्थाची सूचना देते. कार्ड निरोगी असले तरीही ही सूचना येते. तिला होकार दिल्यास फाइल-व्यवस्था पुसली जाते. बिघाडाने जे गेले नव्हते ते या एका होकाराने जाते. म्हणून तेथे नेहमी 'कॅन्सल' दाबावे.

नक्कल करण्याची रीत

या कामास लिनक्स असलेला दुसरा संगणक, कार्ड वाचणारे उपकरण आणि मूळ कार्डाहून मोठे नवे कार्ड लागते. दुसरा रास्पबेरी पायही चालतो. तोही नसल्यास नेहमीचा संगणक लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून सुरू करता येतो. पुढील आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टंकताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत लिहाव्यात.

कार्ड लावल्यावर प्रथम 'एलएसबीएलके' ही आज्ञा द्यावी. जोडलेल्या सर्व डिस्कांची नावे व आकार दिसतात. आकारावरून आपले कार्ड ओळखावे. ते 'एसडीए' या नावाने दिसले तर त्याचे विभाग 'एसडीए१' व 'एसडीए२' असे असतात. नाव ओळखण्यात चूक झाल्यास दुसऱ्याच डिस्कवर लेखन होते. यास्तव कार्ड काढून आज्ञा पुन्हा द्यावी व कोणते नाव नाहीसे झाले हे पाहून खात्री करावी. संगणकाने विभाग आपोआप उघडले असल्यास 'यूमाउंट' आज्ञेने ते सोडवून घ्यावेत.

नंतर संपूर्ण कार्डाची नक्कल एका फाइलीत उतरवावी. याकरिता 'डीडीरेस्क्यू' हा प्रोग्राम उत्तम होय. डेबियन प्रणालीत तो 'जीडीडीरेस्क्यू' या नावाच्या पॅकेजमध्ये मिळतो. आज्ञा अशी: 'सुडो डीडीरेस्क्यू /डेव्ह/एसडीए कार्ड.आयएमजी कार्ड.मॅप'. हा प्रोग्राम सहज वाचता येणारा भाग प्रथम घेतो, अडलेल्या जागी वेळ न दवडता पुढे जातो व शेवटी मागे येऊन राहिलेला भाग मिळविण्याचा प्रयत्न करतो. कोणता भाग मिळाला याचा नकाशा दुसऱ्या फाइलीत राहतो, त्यामुळे काम मध्येच थांबले तरी तेथूनच पुढे चालू करता येते. कार्ड ३२ जीबीचे असल्यास, त्यात नोंदी थोड्या असल्या तरी, नक्कल ठेवण्यास ३२ जीबी मोकळी जागा लागते.

कार्ड यादीत मुळीच दिसत नसेल किंवा त्याचा आकार शून्य दिसत असेल, तर कार्डाचा नियंत्रकच निकामी झाला आहे असे समजावे. तेथे पुढील उपाय चालत नाहीत.

नक्कल पूर्ण झाल्यावर मूळ कार्ड काढून, त्यावर दिनांक लिहून, पाकिटात ठेवून द्यावे. नक्कल 'रास्पबेरी पाय इमेजर' या प्रोग्रामने नव्या कार्डावर उतरवावी. एकाच आकाराची म्हणून विकली जाणारी दोन कार्डे प्रत्यक्षात थोडी लहान-मोठी असू शकतात, म्हणून नवे कार्ड मोठे घ्यावे. येथून पुढील सर्व दुरुस्ती नव्या कार्डावरच करावी.

दुरुस्ती

नवे कार्ड लावून त्याचे नाव पुन्हा पाहावे व त्याचे विभाग उघडलेले नाहीत याची खात्री करावी. उघड्या विभागावर दुरुस्ती चालविल्यास बिघाड वाढतो. आधी काही न बदलता केवळ तपासणी करावी: 'सुडो ई२एफएससीके -एफ -एन /डेव्ह/एसडीए२'. मग दुरुस्तीसाठी 'एन'च्या जागी 'वाय' लिहावा. 'वाय' म्हणजे प्रत्येक प्रश्नास होकार. मूळ कार्ड जपून ठेवले आहे म्हणूनच असा सरसकट होकार देणे सुरक्षित आहे.

ही तपासणी पाच फेऱ्यांत चालते. फाइलींच्या नोंदी व त्यांनी व्यापलेल्या जागा, फोल्डरांची रचना, त्यांचा परस्परसंबंध, प्रत्येक फाइलीकडे जाणाऱ्या नावांची संख्या, आणि शेवटी मोकळ्या व भरलेल्या जागेचा हिशेब, असा तिचा क्रम आहे. सात-बारावरील क्षेत्रांची बेरीज खातेवहीशी जुळवून पाहावी तसाच हा प्रकार आहे. शेवटी 'फाइल सिस्टिम वॉज मॉडिफाइड' असे आल्यास आज्ञा पुन्हा द्यावी व ते शब्द येईनासे होईपर्यंत चालू ठेवावे.

प्रारंभीची मुख्य नोंद, जिला 'सुपरब्लॉक' म्हणतात, तीच वाचता येत नसेल तर घाबरू नये. तिच्या प्रती कार्डावर इतरत्रही असतात. ४,०९६ बाइटांच्या ठोकळ्यांच्या मांडणीत पहिली प्रत सामान्यतः ३२,७६८ क्रमांकाच्या ठोकळ्यात असते. आज्ञेत '-बी ३२७६८' असे घातल्यास त्या प्रतीवरून दुरुस्ती होते. पहिल्या लहान विभागासाठी 'सुडो एफएससीके.व्हीफॅट -ए /डेव्ह/एसडीए१' ही आज्ञा आहे.

यानंतर दुसरा विभाग केवळ वाचण्यापुरता उघडावा: 'सुडो माउंट -ओ आरओ /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी'. आपल्या नोंदी बहुधा 'होम' या फोल्डरात असतात. तेथे नसल्यास 'लॉस्ट+फाउंड' हे फोल्डर पाहावे. ज्या फाइलींचे नाव हरवले पण मजकूर सापडला, त्या तेथे केवळ क्रमांकाने ठेवलेल्या असतात. एकेक उघडून पाहिल्यास नोंदी ओळखता येतात. मिळालेल्या नोंदी ताबडतोब पेनड्राइव्हवर घ्याव्यात.

आता नवे कार्ड रास्पबेरी पायमध्ये घालून तो सुरू करावा व अर्धवट राहिलेले काम पुरे करावे. त्याचा क्रम 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', नंतर 'सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', शेवटी 'सुडो एपीटी अपडेट' व 'सुडो एपीटी फुल-अपग्रेड' असा आहे. इतके करूनही संगणक नीट चालत नसेल तर अधिक वेळ घालवू नये. नोंदी हाती आल्या आहेत. नवी कार्यप्रणाली उतरवून नोंदी परत ठेवणे अधिक सोपे व भरवशाचे आहे.

पुढील दक्षता

१. अद्ययावत करण्याचे काम हंगाम ऐन भरात असता काढू नये. ते पावसाळ्यापूर्वी उरकावे व आरंभ करण्याआधी कार्डाची नक्कल घ्यावी.

२. अनेक ठिकाणी शेतीची वीज पाळीने मिळते. पाळी संपण्याच्या सुमारास अद्ययावत करण्यास घेऊ नये; बॅटरीचा आधार असल्याखेरीज तर नाहीच.

३. 'डीएफ -एच' या आज्ञेने मोकळी जागा पाहावी. कार्ड भरलेले असल्यासही काम अर्ध्यावर तुटते.

४. कार्यप्रणालीच्या एका मोठ्या आवृत्तीवरून दुसरीवर जाताना जुन्यावर नवी चढवू नये. नव्या कार्डावर स्वतंत्र मांडणी करावी. रास्पबेरी पायच्या निर्मात्यांचाही हाच सल्ला आहे.

५. संगणक बंद करताना 'सुडो पॉवरऑफ' ही आज्ञा द्यावी व हिरवा दिवा लुकलुकणे थांबल्यावरच वीज तोडावी.

६. नोंदी निराळ्या पेनड्राइव्हवर लिहिण्याची व्यवस्था करावी. तसे केल्यास मुख्य कार्ड 'ओव्हरले' पद्धतीने केवळ वाचण्यापुरते ठेवता येते व वीज गेल्याने ते बिघडण्याची भीती पुष्कळ कमी होते. मात्र या पद्धतीत कार्डावर लिहिलेले सर्व काही संगणक बंद होताच नाहीसे होते. म्हणून निराळी जागा ठरविल्याशिवाय ही पद्धत लावू नये.

७. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी दर आठवड्यास नोंदींची एक प्रत दुसरीकडे ठेवावी, आणि दररोजचा पाऊस कागदी वहीतही लिहावा. त्यास दोन मिनिटे पुरतात.