‘इको नॉर्मल आहे’ म्हणजे नेमकं काय?

पंचविशी-तिशीतल्या, पोट सुटलेल्या माणसाच्या हाती टू-डी इकोचा रिपोर्ट आला की नजर थेट ‘ईएफ’वर जाते. ६० टक्के! म्हणजे हृदय ठणठणीत, पोटाचं बघू नंतर. माझा आक्षेप आहे तो या ‘नंतर’ला. ईएफवरून कळतं ते एवढंच, की डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती एका ठोक्याला बाहेर पडतं. दोन ठोक्यांच्या मधे तो कप्पा पुरेसा सैल पडतो का, हे त्यात येत नाही, आणि लठ्ठपणाची झळ बऱ्याचदा आधी तिथेच लागते. शरीर वाढतं तसं रक्तही वाढतं, रक्तदाब चढतो, कप्प्याची भिंत जाड आणि ताठर होते. मग नुसतं रक्त भरून घ्यायलाही जास्त दाब लागतो. दोन जिने चढून धाप लागली की आपण ‘स्टॅमिना गेला’ म्हणून मोकळे होतो. तेही खरं असेल, पण रिपोर्टातली ‘डायस्टोलिक’ची, म्हणजे कप्पा सैल पडण्याबद्दलची, ओळ डॉक्टरांकडून समजून घ्यायला काय हरकत आहे?

‘या वयात काय होतंय?’ याला उत्तर स्वीडनमध्ये आहे. तिथे १९६८ ते २००५ या काळात सक्तीच्या लष्करी भरतीसाठी तपासलेल्या सुमारे १६ लाख पोरसवदा तरुणांची पुढची वर्षं अभ्यासली गेली. अठराव्या वर्षी ज्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ च्या वर होता, त्यांच्यात हार्ट फेल्युअरचा धोका सडपातळ मुलांच्या सुमारे नऊपट निघाला, आणि निदान होत होतं ते सरासरी सत्तेचाळिशीच्या आसपास. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, हे मान्य. पण वजन उतरल्यावर जाड झालेली भिंत बऱ्याच जणांत पुन्हा पातळ होते, त्याचं काय करायचं?

‘मी कुठे जाड आहे?’ हा आपल्याकडचा लाडका बचाव. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच आकडे छापले: बीएमआय दोघांचा २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! म्हणूनच भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेघ बीएमआय ३० वर नाही, २५ वर ओढतात. काट्यापेक्षा टेप बरी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मापा. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. त्यापुढे गेलात तर रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. जोरात घोरत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, आणि आडवं पडल्यावर दम लागत असेल किंवा पावलं सुजत असतील तर त्याच आठवड्यात दाखवा.