दैव पाचवं आहे, पहिलं नाही



आजचा अभ्यास: गीता, अध्याय 18, श्लोक 14.

कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं भगवंत इथे सांगतात. अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि पाचवं दैव. आपण मात्र ही यादी उलटी वाचतो. संकट दिसलं की थेट पाचव्यावर उडी: "देवाच्या मनात असेल ते होईल." वाक्य चुकीचं नाही. पण आधीची चार रिकामी ठेवून ते म्हटलं, तर ती श्रद्धा नव्हे, आळस आहे.

चक्रीवादळाचंच उदाहरण घेऊ. 3 जून 2020 ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. घरांची छपरं उडाली, नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, 17 मे 2021 ला 'तौक्ते' मुंबईजवळून गुजरातकडे गेलं. वारा आपल्या हातात नाही, तो पाचवा. पण हवामान खातं साधारण 48 तास आधी सावध करतं. ते तास आपले आहेत.

त्यांनी काय फरक पडतो ते ओडिशात दिसलं. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे 10 हजार माणसं गेली. 2013 मध्ये 'फायलिन' आलं, तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवलं होतं. मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. दैव दोन्ही वेळा होतंच. बाकीची चार दुसऱ्या वेळी जागी होती.

मग आपली चार कोणती?

अधिष्ठान: टीकाकार याचा अर्थ देह असा करतात. आपण आज त्यात घरही धरू. बाल्कनीतल्या कुंड्या आत घ्या. गच्चीवरचे सुटे पत्रे, टाकीचं झाकण बांधून टाका. गटारावरच्या जाळ्या साफ करा.

करण: टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक, दोन-तीन दिवसांचं पिण्याचं पाणी, कोरडा खाऊ, औषधं. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत. थोडी रोख रक्कमही ठेवा, कारण वीज आणि नेटवर्क गेलं की यूपीआय कामाला येत नाही.

चेष्टा: वादळ सुरू झालं की खिडक्यांपासून लांब राहा. घरात पाणी शिरायला लागलं तर, हात कोरडे असतानाच, मेन स्विच बंद करा. देवघरातली समई त्या रात्री नको. नामस्मरणाला टॉर्चचा उजेड पुरतो. आणि वारा एकदम पडला तर लगेच बाहेर जाऊ नका. वादळाचा डोळा डोक्यावर असेल, तर थोड्या वेळाने उलट्या दिशेने पुन्हा झोडपतं.

कर्ता: इथे खरी परीक्षा आहे. कर्ता म्हणजे फक्त "मी आणि माझं घर" का? गेटजवळच्या पत्र्याच्या खोलीत राहणारे वॉचमनकाका त्या रात्री कुठे झोपणार? चौथ्या मजल्यावरच्या एकट्या आजींना, लिफ्ट बंद पडली तर, खाली कोण आणणार? मागच्या वस्तीत ताडपत्रीखाली राहणाऱ्यांसाठी सोसायटीचा हॉल उघडायचा का? हे प्रश्न ग्रुपवर "जय श्रीकृष्ण" फॉरवर्ड करण्याआधीचे आहेत. प्रत्येक मजल्यावर एक जण ठरवा, 112 आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हे नंबर लिफ्टजवळ लावा, आणि हॉलची किल्ली कुणाकडे आहे ते आजच विचारा.

एवढं सगळं करूनही एखाद्याचं घर पडतंच. म्हणून दोन श्लोक पुढेही वाचा. पाच कारणं असताना जो स्वतःलाच एकटा कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही, असं भगवंत तिथे सांगतात. याचा अर्थ असा की, आपलं छप्पर राहिलं तर "माझी साधना" म्हणून मिरवायचं नाही. आणि ज्याचं उडालं, त्याला "तुमचं प्रारब्ध" असं ऐकवायचं नाही. त्याच्याकडे चहाचा थर्मास आणि ताडपत्री घेऊन जायचं.

आजचा संकल्प: संध्याकाळची माळ झाली की शेजारचं एक दार वाजवायचं, आणि विचारायचं, "वादळ आलं तर तुम्हाला काय लागेल?"

हरी ॐ.